सोडलेली सुतळी

हॅलेट गावात ओरेस्ट डॅनिलचुक आणि सुतळी क्लब एकाच हिमवादळातून जन्माला आले, आणि दोघांपैकी जास्त कुरकुरतं कोण यावर गावाचं अजून एकमत झालेलं नाही.

त्याचं असं झालं. जानेवारीतल्या एका दुपारी प्रेअरीच्या गवताळ सपाटीवर असं हिमवादळ उठलं की हात पुढे केला तर स्वतःची बोटं दिसेनात. गावाबाहेरच्या शेतावर ओरेस्टच्या आईला कळा सुरू झालेल्या, आणि डॉक्टर गावात अडकलेला. तेव्हा मेट्रो कुझिक नावाच्या शेतकऱ्याने सुगीत पेंढ्या बांधायला ठेवलेली सुतळीची बंडलं बाहेर काढली. सात-आठ गडी निघाले, आणि कुंपणाच्या एका खांबावरून दुसऱ्या खांबावर सुतळी ताणत त्यांनी गावापासून शेतापर्यंत वाट केली. ती धरून धरून डॉक्टर पोचला, तोवर ओरेस्ट जगात येऊन कोकलत होता. गावातले टवाळ म्हणतात, एवढी सुतळी फुकट गेली. पण तसं नाही. आईचं रक्त थांबत नव्हतं, ते डॉक्टरने थांबवलं आणि बाई पुढे चांगली म्हातारी होऊन गेली.

वादळ निवळलं तरी त्या गड्यांना सुटं सुटं राहवेना. पुढच्याच आठवड्यात ते वोंगच्या कॅफेत जमले आणि कॉफी पिता पिता क्लब काढून बसले. तशी नियम करायची त्यांना हौस नव्हती, पण तीन झालेच. पहिला, सभेला येताना कोटाच्या काजात सुतळीचा तुकडा हवा. विसरला, त्याने सगळ्यांसमोर गाणं म्हणायचं. दुसरा, मदत मागणाऱ्याला कारण विचारायचं नाही. आणि तिसरा मेट्रोचा. त्या वसंतात लोक त्याला म्हणाले, "बाबा, कुंपणावरची तुझी सुतळी गुंडाळून आणून देतो." तो म्हणाला, "राहू दे. सोडलेली सुतळी आपण गुंडाळत नाही." त्यातली बरीचशी गाईंनी खाल्ली, पण नियम राहिला. क्लबने एकदा दिलेली वस्तू क्लब कधी परत मागत नाही. घेणाऱ्याला वाटेल तेव्हा त्याने आणून द्यावी.

क्लबने पुढे काय काय केलं ते सांगत बसलो तर संध्याकाळ होईल. बर्फावर घसरत खेळायच्या मैदानाला छप्पर घातलं, शाळेतल्या मुलांना चष्मे दिले, कुणाचा गोठा जळाला तर दोन शनिवारांत उभा करून दिला. पण ओरेस्टचा जीव होता तो शेडमध्ये. गावातलं छोटं हॉस्पिटल सरकारने बंद केलं तेव्हा तिथले पलंग, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, असलं सगळं सामान क्लबने उचलून जुन्या बंबखान्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं, आणि किल्ली ओरेस्टकडे दिली. तो तेव्हा धान्याच्या कोठारावर कामाला होता. निवृत्त झाल्यावर तर त्याने शेडमध्येच मुक्काम ठोकला.

कुणाचा फोन आला की ओरेस्ट खुर्चीला तेल घालायचा, चाकं फिरवून बघायचा आणि मग स्वतःच तिच्यात बसून मेन स्ट्रीटवर एक फेरी मारायचा. ज्या खुर्चीत आपल्याला धक्के बसतात ती दुसऱ्याला द्यायची नाही, हा त्याचा खाक्या. एकदा युक्रेनियन चर्चचे नवे फादर गावात आले, त्यांनी खुर्चीतल्या ओरेस्टला पाहिलं आणि जवळ येऊन मनापासून प्रार्थना केली. ओरेस्टनेही टोपी काढून शेवटपर्यंत ऐकली. मग "थँक यू, फादर," म्हणून तो उठला, खुर्ची घडी करून काखेत मारली आणि चालता झाला. फादरना तिथेच बाकावर बसावं लागलं म्हणतात.

वस्तू देताना तो तिला सुतळीचा एक तुकडा बांधायचा. घेणाऱ्याने एक टोक धरायचं, ओरेस्टने गाठ मारायची. सही नाही, कागद नाही. मग तो क्लबचा एकुलता एक प्रश्न विचारायचा, "आणखी काही लागेल का?"

आता प्रेअरीवरच्या माणसाला हा प्रश्न विचारला तर उत्तर ठरलेलं. "नाही नाही, एवढं पुष्कळ झालं." घराला आग लागलेली असली तरी तो हेच म्हणेल. ओरेस्टने या उत्तरावर उभ्या जन्मात विश्वास ठेवला नाही. तो खुर्ची ओढून बसायचा, म्हणायचा, "कॉफी आहे का?" कॉफी अर्धी होईतो पावसापाण्याचं बोलणं व्हायचं, आणि मग हळूच खरी गोष्ट बाहेर यायची. कुबड्या मिळाल्या, पण कुत्र्याला फिरवायला कोणी नाही. खुर्ची मिळाली, पण उंबरठा आड येतो. दुसऱ्या दिवशी ओरेस्ट करवत घेऊन उंबरठ्यावर हजर.

त्याची बायको नेटी. क्लबच्याच नाचात भेटली. तिचं म्हणणं, या माणसाने नाचताना माझ्या पायावर पाय दिला आणि वर विचारलं, आणखी काही लागेल का? केसांची जाड वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली, बोलण्यात फटकळ आणि हाताला चव अशी की तिच्या बटाटा भरून उकडलेल्या पिरोगींसाठी लोक क्लबच्या जेवणावळीला शेजारच्या गावांतून यायचे. क्लबने बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी नेटीला विचारलं. ती म्हणाली, "काम तर मीच करते. आता तुमच्या सभाही मीच ऐकू?" आणि ओरेस्टला शेडमधून यायला उशीर झाला की जेवण झाकून ठेवून म्हणायची, "आलास? सवतीने सोडलं का वेळेवर?"

मार्चमध्ये या नेटीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सॅस्कटूनच्या हॉस्पिटलात दोन महिने काढल्यावर थोडे शब्द परत आले, आणि त्यातला एक ती सारखा म्हणायची, "घरी."

ओरेस्ट रोज तिथवर गाडी हाकायचा. मे महिन्यातल्या एका सोमवारी तिथल्या जोनेल नावाच्या नर्सने त्याला बाजूला घेतलं.

"मिस्टर डॅनिलचुक, घरी न्यायचं तर डोक्याची बाजू वर होणारा पलंग हवा, कठडे हवेत. सपाट झोपवलं तर त्यांना ठसका लागेल, घास छातीत जाईल. पलंग आहे?"

ओरेस्टला हसू आलं. पलंगाचं त्याला विचारत होती! मग त्याचं हसू मावळलं, कारण शेडमध्ये एकही पलंग नव्हता. होते नव्हते ते सगळे गावभर गेलेले. नवा मागवला तर यायला सहा आठवडे, आणि सरकारी पलंगासाठी तर रांगच.

"आमच्याकडे खाट अडवून ठेवता येणार नाही," जोनेल हळूच म्हणाली. "शुक्रवारी वृद्धाश्रमात जागा रिकामी होतेय. तीन तासांवर आहे, पण आहे. गुरुवारी दुपारी मी तुमच्याकडे येऊन बघते. पलंग असला तर घरी, नाहीतर तिकडे."

तीन तास. रोज जाणं जमलं नसतं. हिवाळ्यात तर आठवड्यातून एकदाही नाही. नेटी तिकडे आणि आपण इकडे असं आता मरेपर्यंत, हे त्याला गाडीत बसल्यावर नीट कळलं.

क्लबचा अध्यक्ष आर्नी टोर्गर्सन म्हणजे ओरेस्टचा शाळेपासूनचा दोस्त. डोक्यावर एक केस नाही, पण मत प्रत्येक गोष्टीवर. त्याने ऐकताच टेबलावर थाप मारली.

"अरे, पलंग नाही कसा? फर्नकडे आहे की! तिचा नवरा ड्युई जाऊन दोन वर्षं झाली. चल, आत्ता ट्रक काढतो."

"तो वापरात आहे," ओरेस्ट म्हणाला.

"कोण वापरतंय? ड्युई कबरीत आहे, लेका. मीच खांदा दिलाय."

"वापरात आहे म्हटलं ना."

"मग बाकीच्यांना फोन लावतो. निम्मे पलंग नुसते पडून असतील."

"आर्नी, तू अध्यक्ष आहेस ना? मग नियम मी सांगायचा का तुला? परत मागायचं नाही."

"बायको चाललीये तुझी, आणि हा नियम सांगतोय! गाढव आहेस."

"असेन. पण चाळीस वर्षं लोकांना सांगितलं, घ्या, कोणी मागायला येणार नाही. आता माझ्यावर वेळ आली म्हणून दार वाजवू?"

फर्नचं खरं कारण त्याने आर्नीलाही सांगितलं नाही. गेल्या हिवाळ्यात तो तिच्याकडे नळ दुरुस्त करायला गेला होता. बाहेरच्या खोलीत ड्युईचा तो पलंग तसाच होता, त्यावर एकच उशी, शेजारी फर्नचा चष्मा आणि पाण्याचा पेला. आतल्या खोलीतला मोठा पलंग कपड्यांनी भरलेला. नवरा ज्या खळग्यात झोपून गेला त्यातच ती झोपत होती. ओरेस्टने नळ बसवला, कॉफी प्यायली आणि काही पाहिलंच नाही असं करून घरी आला.

आर्नी तणतणत निघून गेला. पण आर्नी गप्प बसेल तर तो आर्नी कसला. दुसऱ्या दिवशी सकाळी को-ऑपच्या दुकानातल्या कॉफीच्या टेबलाशी तो नेहमीच्या मंडळींत जाऊन बसला आणि छताकडे बघत म्हणाला, "मी कुणाकडे काही मागत नाहीये."

"बरं," कोणीतरी म्हणालं.

"नियम म्हणजे नियम. मी फक्त हवापाण्याचं बोलतोय. पाऊस बरा झालाय. पेरणी जोरात आहे. नेटीला गुरुवारपर्यंत पलंग मिळाला नाही तर तिला तीन तास लांब ठेवणार आहेत. गव्हाचं कसं काय?"

सगळ्यांनी कॉफी संपवली आणि पेरणीला गेले.

पेरणीच्या दिवसांत इथला शेतकरी स्वतःच्या लग्नालासुद्धा तासाभराची सुट्टी घेणार नाही. तरी गुरुवारी सकाळी ओरेस्ट कॉफीचा मग घेऊन पायरीवर आला, तर अंगणात एक पलंग उभा. तो बघतोय तोवर एक ट्रक आला, दुसरा पलंग उतरवून गेला. मग धान्याची ट्रॉली आली, मग आणखी एक. चांगलं काम सांगून करायचं नाही अशी या लोकांची मोठी खोड, त्यामुळे कुणीच कुणाला बोललेलं नव्हतं, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की पलंग आपलाच एकट्याचा. दहा वाजेतो हिरवळीवर पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि मागाहून आलेले कोणी हलेनात, त्यांत आर्नीही होता. एका पलंगावर टोमॅटोच्या रोपांची माती होती. एकावर कुत्र्याचे केस. एकाच्या स्प्रिंगा पोरांनी नाचून नाचून जमिनीला टेकवलेल्या. प्रत्येकाच्या पायाला मात्र ओरेस्टच्या हातची सुतळी होती, काही ठिकाणी काळी पडलेली, पण गाठ शाबूत.

ओरेस्ट एका पलंगापासून दुसऱ्यापर्यंत नुसता फिरत होता. मग सवयीने खाली वाकला, आणि पायथ्याशी बघून सरळ झाला.

"आर्नी, हँडल कुठंय?"

पलंगाची डोक्याकडची बाजू वर करायची तर पायथ्याचं लोखंडी हँडल फिरवावं लागतं. या पलंगाला नव्हतं. शेजारच्यालाही नव्हतं. एकालाही नव्हतं!

झालं होतं असं, की प्रेअरीवरच्या माणसाला चांगलं लोखंड नुसतं पडलेलं बघवत नाही. पलंगाचं काम संपलं की प्रत्येक घरात त्या हँडलकडे कुणाचं तरी लक्ष गेलं होतं. कोणी ते धान्याच्या कोठीच्या झडपेला जोडलं, कोणी विहिरीच्या रहाटाला. एकाने तर वितळवून फाटकाची कडी केली होती आणि ती किती छान झालीये हे तो आत्ताही सांगत होता.

"सगळे शहाणे एकाच गावात जन्माला आले," आर्नी म्हणाला. "कोठीला लावलंयस ते काढून आण की!"

"सगळ्यांनीच वेल्डिंग केलंय," तो माणूस खाली मान घालून म्हणाला.

दोन वाजता जोनेल येणार होती. ओरेस्ट पायरीवर बसला. एवढ्या पलंगांच्या मधोमध बसूनही त्याला पलंग नव्हता. त्याला रडूही येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही गिळून तो नटबोल्टचे पाने शोधायला शेडकडे निघाला. निदान एक पलंग तरी नीट जोडून ठेवावा, मग जे होईल ते होईल. त्याने एकाची चौकट घेतली, दुसऱ्याच्या स्प्रिंगा, तिसऱ्याचे कठडे. हाताला काम मिळालं तसा त्याचा श्वास जरा जागेवर आला.

तेवढ्यात फर्नच्या पुतण्याची गाडी आली. मागे ड्युईचा पलंग होता, पायथ्याशी चकचकीत हँडल. फर्न पुढून उतरली, रविवारचा कोट घालून.

"हा घे," ती म्हणाली. "सगळं चालू आहे त्याचं."

अंगणातली माणसं एकदम खूश झाली. आर्नीने तर टोपीच काढली. पण ओरेस्टने पान्यावरची नजर वर केली नाही.

"तो परत ने, फर्न."

"वेड लागलंय का तुला?"

"वापरातली वस्तू क्लब घेत नाही."

फर्न जवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "तुला माहीत होतं ना, ओरेस्ट? नळ बसवायला आला होतास तेव्हापासून."

"मला काही माहीत नाही. मी नळ बघत होतो."

"लोक काय म्हणतील म्हणून मी कुणाला बोलले नाही. म्हातारीला वेड लागलंय म्हणतील."

"कुणी काही म्हणत नाही. पलंग झोपायलाच असतो."

फर्नचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत. ती गाडीमागे गेली, पुतण्याला खूण केली आणि पलंगाच्या पायथ्याशी वाकून दोन झटक्यांत ते हँडल काढून घेऊन आली.

"मग हे तरी घे. उठून बसायला ड्युईला लागायचं. मी सपाटच झोपते."

हँडल ओरेस्टच्या पलंगाला बरोबर बसलं. सगळे एकाच हॉस्पिटलचे, एकाच बनावटीचे. त्याने फिरवलं, आणि कुरकुरत का होईना, डोक्याकडची बाजू वर आली. अंगणात टाळ्या पडल्या आणि सगळे लगेच लाजून पेरणीला निघून गेले.

जोनेलने दोन वाजता पलंग तीनदा वरखाली करून पाहिला, कठडे हलवून पाहिले. मग खिडकीतून अंगणाकडे बघून विचारलं, "तुम्ही पलंगांचा धंदा करता का?"

शुक्रवारी नेटी घरी आली. तिला पलंगावर निजवून ओरेस्टने हँडल फिरवलं, तशी ती हळूहळू वर आली आणि तिला खिडकीबाहेरचं दिसलं. कितीतरी वेळ ती बघत राहिली. मग वाकड्या ओठांनी, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "सवतीचं... सगळं... माहेर आलंय?"

ओरेस्ट हसला आणि हसता हसता त्याला हुंदका आला. दोन महिन्यांत ती एवढे शब्द सलग बोलली नव्हती.

आर्नी आला होता तो खिशात सुतळी घालून. "धर टोक," तो म्हणाला. ओरेस्टने टोक धरलं. इतकी वर्षं गाठ मारणारा हात, टोक धरायला मात्र त्याला अवघडल्यासारखं झालं. आर्नीने पलंगाच्या पायाला गाठ मारली, ओबडधोबडच, आणि मग सरळ उभं राहून विचारलं, "आणखी काही लागेल का?"

"नाही नाही," ओरेस्ट म्हणाला. "एवढं पुष्कळ झालं."

आर्नीने त्याच्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली, बसला. "कॉफी आहे का?"

कॉफी झाली. गव्हाचं बोलणं झालं, पावसाचं झालं. मग निम्मा कप हातात धरून ओरेस्ट खिडकीकडे बघत बोलला.

"मला तिची वेणी घालता येत नाही."

नेटीने डोळे मिटून घेतले. दोन महिन्यांत तिच्या केसांचा पार गुंता झाला होता. हॉस्पिटलवाल्यांनी कापायचं म्हटलं होतं आणि तिने चांगल्या हाताने उशी फेकून मारली होती.

"रोज प्रयत्न करतो," ओरेस्ट म्हणाला. "खेचलं जातं. तिला दुखतं. ती बोलत नाही, पण दुखतं."

आर्नीने आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "आणि हे तू मला सांगतोयस?" तो म्हणाला, आणि उठून फर्नला फोन लावायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फर्न आली, आपला कंगवा घेऊन. पलंगाशी बसून तिने तेलाचा हात लावला आणि टोकाकडून एकेक गुंता सोडवत वर आली. नेटीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण दुखल्याचं नव्हतं. वेणी पुरी झाली तेव्हा फर्नने टोक चिमटीत धरून इकडेतिकडे पाहिलं.

"बांधायला काही आहे का रे?"

ओरेस्टने खिशात हात घातला. खिशात जे नेहमी असायचं तेच निघालं. एक टोक फर्नने धरलं, आणि गाठ त्याने मारली.